पहारेकरी निरपराधाला धरतो तेव्हा

संगणकासाठी अँटीव्हायरस विकत घ्यायला गेलेला आपला माणूस दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो: 'हा किती व्हायरस पकडतो?' दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते: 'सगळे पकडतो.' पैसे दिले जातात, डबी घरी येते आणि विषय संपतो. पण तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न कुणीही विचारत नाही. हा अँटीव्हायरस व्हायरस नसलेल्या किती फायलींना व्हायरस म्हणून धरतो? चोर पकडणारा पहारेकरी हवाच, याबद्दल वाद नाही. परंतु चोर पकडण्याच्या नादात जो पहारेकरी घरातल्याच माणसांना बेड्या घालतो, त्याला चांगला पहारेकरी कसे म्हणायचे?

संगणकाच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. आपण त्याला खोटा इशारा म्हणू. हा विषय केवळ संगणक-अभियंत्यांचा आहे, असे कुणी समजू नये. वस्तीतल्या वाचनालयात एक जुना संगणक असतो. त्याच्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, जात पडताळणीची कागदपत्रे स्कॅन होतात, जयंतीची पत्रके तयार होतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी अँटीव्हायरसने स्कॅनरचा किंवा टायपिंगचा प्रोग्रॅमच व्हायरस ठरवून उचलून नेला, तर नुकसान त्या कंपनीचे होत नाही. ते त्या विद्यार्थ्याचे होते. मोठ्या कंपनीकडे पगारी तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे शेजारचा बारावीतला मुलगा असतो. म्हणून हा प्रश्न आपण समजून घेतलाच पाहिजे.

खोटा इशारा निर्माण कसा होतो?

अँटीव्हायरस मुख्यतः तीन रीतींनी काम करतो. पहिली रीत ओळखपरेडीची. माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते आणि प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. दुसरी रीत अंदाजाची. फाईल यादीत नाही, पण तिची बांधणी संशयास्पद दिसते, म्हणून तिला अडवायचे. तिसरी रीत पाळतीची. प्रोग्रॅम चालू झाल्यावर तो काय करतो, कुठे लिहितो, कोणत्या कळा वाचतो, यावर नजर ठेवायची. रोज नवनवीन व्हायरस तयार होत असल्याने केवळ यादीवर भागत नाही, म्हणून अंदाज आणि पाळत यांचा वापर वाढला. आणि जिथे अंदाज आला, तिथे निरपराधाला धरण्याची शक्यताही आली.

यामागचे गणित साधे आहे, पण ते सहसा सांगितले जात नाही. समजा एका संगणकात १ लाख फायली आहेत आणि त्यांपैकी फक्त १० दूषित आहेत. अँटीव्हायरस इतका हुशार की दहाच्या दहा पकडतो. निर्दोष फायलींच्या बाबतीत त्याची चूक हजारात फक्त एक. ऐकायला किती छान! आता हिशोब करा. जवळपास १ लाख निर्दोष फायलींत हजारी एक म्हणजे सुमारे १०० फायली विनाकारण धरल्या गेल्या. एकूण ११० इशाऱ्यांपैकी खरे फक्त १०! प्रत्यक्षात चांगल्या अँटीव्हायरसची चूक याहून पुष्कळ कमी असते आणि हे आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. परंतु हिशोबाची रीत बदलत नाही. गुन्हेगार थोडे आणि निरपराध पुष्कळ असतात, तेव्हा संशयातली लहानशी चूकही निरपराधांचीच रांग लावते.

यातून दुसरा धोका जन्माला येतो आणि तो अधिक गंभीर आहे. रोज खोटी ओरड ऐकणारा माणूस शेवटी कंटाळतो. इशारा न वाचता 'परवानगी द्या' दाबू लागतो किंवा अँटीव्हायरस बंदच करून टाकतो. मग ज्या दिवशी खराखुरा व्हायरस पेनड्राइव्हमधून येतो, त्या दिवशी दार सताड उघडे असते. खोटा इशारा केवळ निर्दोष फाईल मारत नाही, तो खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वासही मारतो.

मोठ्या कंपन्यांचा इतिहास

ज्यांना ही भीती अतिशयोक्तीची वाटते, त्यांनी इतिहास पाहावा. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीने नेहमीप्रमाणे आपल्या अँटीव्हायरसचे अपडेट पाठवले. या अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधील 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजचीच अत्यावश्यक फाईल व्हायरस ठरवली. परिणाम असा झाला की संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले आणि त्यांचे नेटवर्क तुटले. नेटवर्कच नसल्याने दुरुस्तीही दूरवरून पाठवता येईना. तंत्रज्ञांना एकेका संगणकापाशी जाऊन हाताने काम करावे लागले. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील काही रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात कोल्स या दुकानांच्या साखळीतील काही गल्ले बंद पडले. हे संकट कोणत्याही व्हायरसने आणलेले नव्हते. ते रक्षणकर्त्याने आणलेले होते.

३० सप्टेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसने गूगलचा क्रोम ब्राउझरच बँकेचे पासवर्ड चोरणारा व्हायरस ठरवून काही संगणकांवरून काढून टाकला. सुमारे ३००० ग्राहकांना त्याचा फटका बसल्याचे कंपनीने मान्य केले. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफॉस कंपनीच्या अँटीव्हायरसने स्वतःचाच अपडेट आणणारा प्रोग्रॅम संशयित ठरवला. चूक दुरुस्त करणारे नवे अपडेट ज्याने आणायचे, तोच कोठडीत! एप्रिल २०१७ मध्ये वेबरूटने विंडोजच्या फायलींना ट्रोजन ठरवले आणि फेसबुकला फसवणुकीचे संकेतस्थळ म्हटले. १ ते २ वर्षांच्या अंतराने कुणा ना कुणा कंपनीचे नाव या यादीत येतच राहिले आहे. तेव्हा 'आमच्याकडून चूक होत नाही' असे जी कंपनी म्हणेल, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

चाचणीत कुणाला वगळले होते?

या इतिहासात एक धागा आहे आणि आमच्या वाचकांनी तो नीट पाहावा. १८ मे २००७ रोजी सिमँटेक कंपनीच्या नॉर्टन अँटीव्हायरसने विंडोज एक्सपीच्या दोन आवश्यक फायली व्हायरस समजून हटवल्या. संगणक सुरूच होईनात. पण कुणाचे? चीनमधल्या लोकांचे. कारण त्या फायली विंडोजच्या चिनी आवृत्तीतल्या होत्या. इंग्रजी विंडोज वापरणाऱ्यांना या घटनेचा पत्ताही लागला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजी या अँटीव्हायरसने विंडोजची 'युजर३२' ही फाईल ट्रोजन ठरवली. फटका कुणाला बसला? डच, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतील विंडोज वापरणाऱ्यांना. इंग्रजीवाले पुन्हा सुरक्षित!

हा योगायोग मानता येईल काय? अपडेट बाहेर पाठवण्यापूर्वी ते निर्दोष फायलींच्या साठ्यावर तपासले जाते. ज्या फायली त्या साठ्यात असतात, त्यांच्यावर अन्याय होण्याआधीच चूक लक्षात येते. ज्या साठ्यात नसतात, त्यांची चूक थेट ग्राहकाच्या घरात उघडी पडते. मॅकॅफीच्या प्रकरणातही कंपनीला हेच सांगावे लागले की, ज्या रचनेवर हा घोटाळा झाला, ती एक्सपी सर्व्हिस पॅक ३ ची रचना त्या वेळच्या चाचणीत समाविष्टच नव्हती. म्हणजे प्रश्न केवळ यंत्राच्या हुशारीचा राहत नाही. प्रश्न असा होतो की, चाचणी घेणाऱ्यांनी कुणाला डोळ्यांसमोर ठेवले आणि कुणाला वगळले? जो मोजलाच गेला नाही, त्याच्या नुकसानीची काळजी आधी कोण घेणार?

आता आपल्या भाषेकडे या. मराठी टंकलेखनाचे अनेक छोटे प्रोग्रॅम कळफलकाच्या कळा मध्येच वाचतात आणि त्यांच्या जागी मराठी अक्षर ठेवतात. पासवर्ड चोरणारा व्हायरससुद्धा कळा मध्येच वाचतो. पाळत ठेवणाऱ्या अँटीव्हायरसला दोघांची चाल सारखीच दिसू शकते. शिवाय असा प्रोग्रॅम एखाद्या होतकरू तरुणाने एकट्याने तयार केलेला असतो. जगात तो काही शे लोकच वापरतात. प्रोग्रॅमवर अधिकृत डिजिटल सही घेण्यासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागतात, ते त्याच्याकडे नसतात. आजचे अँटीव्हायरस फाईल किती लोक वापरतात आणि तिच्यावर कुणाची सही आहे, हेही पाहतात. ज्याला कुणी ओळखत नाही तो संशयित, असा हा न्याय आहे. नीर सोफर या लहान उपयुक्त प्रोग्रॅम बनवणाऱ्या विकसकाने २००९ मध्येच जाहीरपणे लिहिले होते की, अँटीव्हायरस कंपन्यांच्या खोट्या इशाऱ्यांनी छोट्या विकसकांची डोकेदुखी वाढवली आहे. ती तक्रार आजही शिळी झालेली नाही.

एकाने म्हटले, सर्वांनी म्हटले

इथे एखादा वाचक म्हणेल, 'एका अँटीव्हायरसची चूक होईल, पण दहांनी एकच सांगितले तर?' व्हायरसटोटल नावाची मोफत सेवा आहे. २००४ मध्ये स्पेनमध्ये ती सुरू झाली आणि २०१२ मध्ये गूगलने विकत घेतली. तिच्यावर फाईल टाकली की साठ-सत्तर अँटीव्हायरस यंत्रणांचे निकाल एकत्र दिसतात. सेवा उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण बहुमत म्हणजे सत्य नव्हे.

२०१० च्या सुरुवातीला कॅस्परस्की कंपनीने आपल्या एका प्रयोगाची माहिती दिली. तिने २० निरुपद्रवी फायली तयार केल्या. त्यांपैकी १० फायलींना मुद्दाम आपल्या अँटीव्हायरसमध्ये व्हायरस ठरवले आणि सर्व फायली व्हायरसटोटलवर टाकल्या. दहा दिवसांत त्या दहाही निर्दोष फायलींना इतर कंपन्या व्हायरस म्हणू लागल्या. काही फायलींच्या बाबतीत तर अशा कंपन्यांची संख्या १४ पर्यंत गेली! एकाने चोर म्हटले आणि बाकीच्यांनी चौकशी न करता री ओढली. म्हणून निकाल वाचताना किती जणांनी म्हटले, एवढेच पाहू नका. काय म्हटले तेही पाहा. प्रत्येकाने वेगळे आणि मोघम नाव दिले असेल, 'जेनेरिक' किंवा 'सस्पिशस' असे शब्द असतील, तर तो अंदाज आहे. अनेक नामांकित यंत्रणांनी एकाच ज्ञात व्हायरसचे नाव घेतले असेल, तर ती बाब गंभीर आहे.

एक इशारा आम्ही इथेच देऊन ठेवतो. व्हायरसटोटलवर टाकलेली फाईल आपल्यापुरती राहत नाही. ती सुरक्षा कंपन्यांना आणि त्या सेवेच्या ग्राहकांना उपलब्ध होऊ शकते. म्हणून जातीचे दाखले, न्यायालयाची कागदपत्रे, सभासदांच्या याद्या, कुणाचे जबाब असल्या फायली तिथे कदापि टाकू नयेत. फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटाच्या ठशासारखा अंक काढून तेवढाच शोधता येतो. तो ठसा आधीच नोंदलेला असेल, तर फाईल न देताही निकाल मिळतो.

प्रत्येक इशारा खोटा नसतो

एवढे सगळे वाचून कुणी असा अर्थ काढेल की अँटीव्हायरस म्हणजे थोतांड, तर तो आत्मघात ठरेल. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम थांबवले आणि आपल्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामही कोलमडले. ते संकट युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका विश्वासू सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरले होते. म्हणजे 'हे तर ओळखीचे सॉफ्टवेअर आहे, इशारा खोटाच असणार' हा युक्तिवादही टिकत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२३ मधले आहे. ३सीएक्स हे कार्यालयीन फोनचे सॉफ्टवेअर जगभरातील लाखो कार्यालयांत वापरले जाते. २२ मार्च २०२३ पासून काही ग्राहकांच्या सुरक्षा यंत्रणा त्या सॉफ्टवेअरबद्दल इशारे देऊ लागल्या. अनेकांना वाटले, हा खोटा इशारा. सही कंपनीची, अपडेट कंपनीचे, मग भीती कसली? काहींनी त्याला अपवादाच्या यादीत टाकण्याचा मार्ग धरला. आठवडाभराने, २९ मार्चला, उघड झाले की हल्लेखोरांनी कंपनीच्या आतच शिरकाव करून मूळ सॉफ्टवेअरमध्येच विष कालवले होते. इशारा शंभर टक्के खरा होता!

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, इशारा म्हणजे आरोप आहे. तो निकाल नाही आणि अफवाही नाही. आरोप झाला म्हणून फाशी द्यायची नसते आणि आरोपी ओळखीचा आहे म्हणून सोडूनही द्यायचे नसते. चौकशी करायची असते.

निवड कशी करावी?

निवड करताना जाहिरातीवर जाऊ नका. स्वतंत्र चाचणी संस्थांचे अहवाल मोफत वाचायला मिळतात. जर्मनीतील मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता अशा तीन विभागांत प्रत्येकी ६, एकूण १८ गुण देते. यातला तिसरा विभाग प्रामुख्याने खोट्या इशाऱ्यांचा असतो. दुकानदार पहिल्याच विभागाचे गुण दाखवतो. आपण तिसरा मागून घ्यावा. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था खोट्या इशाऱ्यांची वेगळी चाचणी घेते आणि जो अँटीव्हायरस फार खोटी ओरड करतो, त्याने व्हायरस कितीही पकडले तरी त्याची श्रेणी खाली आणते. ब्रिटनच्या व्हायरस बुलेटिनने १९९८ मध्ये व्हीबी१०० हे प्रमाणपत्र सुरू केले, त्यातही खोटे इशारे हा नापास होण्याचा एक निकष आहे. एकाच महिन्याचा अहवाल पाहू नका, दोन-तीन वर्षांचे पाहा. एखादी चूक कुणाचीही होते. सवय मात्र लपत नाही.

परंतु या सर्व चाचण्या त्यांच्या फायलींवर होतात, आपल्या नव्हे. वर सांगितलेला धडा इथे विसरू नये. म्हणून शेवटची चाचणी आपणच घ्यायची. बहुतेक कंपन्या काही दिवस मोफत वापरायला देतात. त्या काळात आपला मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम, स्कॅनर, प्रिंटर, हिशोबाचे सॉफ्टवेअर आणि जुन्या पत्रकांच्या फायली, सगळे चालवून पाहा. कंपनीला तीन प्रश्न विचारा. संशयित फाईल थेट डिलीट होते की वेगळी ठेवली जाते? खोट्या इशाऱ्याची तक्रार कुठे करायची? उत्तर मराठीत किंवा हिंदीत मिळेल काय? क्विक हील आणि नेट प्रोटेक्टर हे अँटीव्हायरस पुण्यातच तयार होतात. जवळची कंपनी म्हणून डोळे मिटून घेऊ नका आणि परदेशी नाही म्हणून नाकारूही नका. सर्वांना कसोटी एकच लावा. विंडोज ८ पासून विंडोजसोबत डिफेंडर मोफतच येतो. पैसे खर्च करण्यापूर्वी त्यालाही याच कसोटीवर तपासा. आणि दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालवू नका. ते एकमेकांवरच संशय घेऊ लागतात.

इशारा आल्यावर काय करावे?

पहिली गोष्ट, घाईने डिलीट करू नका. सेटिंगमध्ये 'क्वारंटाईन' निवडा. कोरोनाच्या काळात हा शब्द आपल्या सर्वांना पाठ झाला आहे. संशयिताला वेगळे ठेवायचे, मारायचे नाही. तिथून फाईल परत आणता येते.

दुसरी गोष्ट, फाईल कुठून आली ते पाहा. मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून आली असेल तर एक गोष्ट, मित्राच्या पेनड्राइव्हमधून आली असेल तर वेगळी. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. घरफोड्या आधी कुत्रा बांधून ठेवायला सांगतो, तसलाच हा प्रकार. ती सूचना दिसली की तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट, अँटीव्हायरसचे अपडेट घेऊन एक-दोन दिवसांनी फाईल पुन्हा तपासा. मोठ्या चुका कंपन्या बहुधा काही तासांत दुरुस्त करतात.

चौथी गोष्ट, कंपनीकडे लेखी तक्रार करा. बहुतेक कंपन्यांकडे खोटा इशारा कळवण्याची सोय असते. आपण कळवलेच नाही, तर आपली फाईल त्यांच्या निर्दोषांच्या साठ्यात कधीच जाणार नाही आणि पुढच्या माणसाला तोच त्रास होईल. मराठी प्रोग्रॅम वापरणाऱ्या प्रत्येकाने हे काम आपले समजावे.

पाचवी गोष्ट, अपवाद द्यायचाच असेल तर चौकशीनंतर आणि त्या एकाच फाईलला द्या. त्रास नको म्हणून अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोडचे फोल्डर मोकळे सोडणे म्हणजे एका निरपराधाला सोडवण्यासाठी तुरुंगाची भिंतच पाडणे होय.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. एक बाहेरची हार्ड डिस्क, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवली जाते, ती व्हायरसपासूनही वाचवते आणि अँटीव्हायरसपासूनही.

कंपन्यांनी यंत्र बनवले आणि यंत्राच्या हाती संशयाचा अधिकार दिला. त्या अधिकाराचा जाब विचारण्याची जबाबदारी मात्र वापरणाऱ्याचीच राहते. पुढच्या वेळी दुकानात जाल, तेव्हा 'किती पकडतो' हे जरूर विचारा. पण तिथेच थांबू नका. 'विनाकारण कितींना धरतो आणि धरलेल्यांना सोडवायची सोय काय?' हेही विचारा. या प्रश्नाचे सरळ उत्तर जो देईल, त्याच्याच हाती आपल्या घराचा पहारा द्यावा.